साठ उशा आणि एक भुवई

थोरली आणि धाकटी यांच्यातल्या अबोल्याचा तो चौथा दिवस होता, आणि त्या चार दिवसांत त्यांच्या दुकानात एरवीपेक्षा दुप्पट बोलणं झालं होतं. कारण प्रत्येक वाक्य आधी बाबांना सांगावं लागे आणि मग बाबा ते पुढे पोचवत.

“बाबा, तिला सांगा, निळी शाई संपत आलीय,” थोरली हीट प्रेसपाशी उभी राहून म्हणाली.

धाकटी तिच्यापासून चार पावलांवर कॉम्प्युटरसमोर बसली होती. मान न वळवता ती म्हणाली, “बाबा, तिला सांगा, मला ऐकू आलंय.”

“तिला ऐकू आलंय,” बाबा थोरलीला म्हणाले.

“मग तिला विचारा, ऐकू आलंय तर मागवायला काय झालं?”

“बाबा, तिला सांगा, कालच मागवलीय.”

“कालच मागवलीय,” बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता स्वतःशीच पुटपुटले, “लहानपणी या दोघी गप्प बसाव्यात म्हणून मी काय काय केलं होतं.”

दुकान दोघींचं होतं, एका खोलीचं. भिंतीलगत सब्लिमेशनचा प्रिंटर, मधल्या टेबलावर हीट प्रेस, कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि दाराशी बाबांची खुर्ची. कामाची वाटणी सरळ होती. धाकटीने कॉम्प्युटरवर चित्र जुळवायचं, प्रिंटरने ते खास कागदावर छापायचं, आणि थोरलीने तो कागद कापडावर पालथा घालून दोनशे अंशांवर दाबायचा. त्या उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. एकदा शिरली की शिरली. धुवा, घासा, उन्हात टाका, ती काही बाहेर येत नाही. आणि कागद पालथा घालायचा म्हणून चित्र छापतानाच उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं, छापावं लागतं. ते उलटं करण्याचं बटण कॉम्प्युटरवरही आहे आणि प्रिंटरवरही. कुठलंही एक दाबलं की काम झालं. इतकी वर्षं ते धाकटीच दाबत आली होती.

भांडणाचं कारण अगदी क्षुल्लक होतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं. चार दिवसांपूर्वी एक गिऱ्हाईक आपला छापलेला पडदा बघून खूश झालं आणि म्हणालं, “चित्र काय सुरेख जुळवलंय हो!” त्यावर थोरली सहज बोलून गेली, “चित्रं काय, हल्ली कोणीही जुळवतं. खरं कसब प्रेसवर.”

“खरंय,” कोपऱ्यातून आवाज आला. “इस्त्री येणाऱ्या माणसाची बरोबरी आम्ही कुठून करणार?”

गिऱ्हाईक पडदा काखोटीला मारून हळूच सटकलं. आत मग तासभर जे व्हायचं ते झालं, आणि शेवटी धाकटीने जाहीर केलं, “बाबा, तिला सांगा, आजपासून माझं काम चित्र जुळवेपर्यंत. त्यापुढच्या छपाईच्या भानगडी तिच्या तिने बघायच्या.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात शाळेचं काम आलं.

शाळा म्हणजे या दोघींचीच शाळा. तिथल्या मोठ्या बाई सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या. आधी गणिताच्या शिक्षिका आणि मग मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी दोन पिढ्यांना धाकात ठेवलं होतं, आणि तेही आवाज न चढवता. बाईंची डावी भुवई वर गेली की पुरे. गृहपाठ घरी विसरला असं सांगणारं पोर त्या भुवईकडे बघताच आपण तो केलाच नव्हता असं कबूल करून मोकळं होई. निरोप समारंभात प्रत्येक शिक्षकाला बाईंच्या फोटोची एकेक उशी भेट द्यायची, अशा साठ उशा हव्या होत्या. कल्पना चित्रकलेच्या सरांची होती. फोटोही त्यांनीच काढला होता, आणि शाळेच्या सभागृहात लावायला तीन महिने खपून बाईंचं एक तैलचित्रही त्यांनीच रंगवलं होतं.

“उशीवर अक्षर एकही नको,” सरांनी बजावलं होतं. “चेहरा बोलला पाहिजे. आणि हे काम नीट झालं, तर खेळाचे दोनशे टी-शर्टही तुमच्याकडेच देऊ.”

थोरलीने रात्रंदिवस त्या टी-शर्टांची स्वप्नं पाहिली असं नाही, पण प्रेसपाशी उभी राहिली की तिला ते दिसत एवढं खरं. शिवाय काम मोठ्या बाईंचं. शाळेत असताना गणितात बाईंनी तिला एकदाच शाबासकी दिली होती आणि ती अजून तिला पुरत होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटीने फाईल तयार करून दिली. थोरली प्रिंटरपाशी गेली आणि थबकली. छपाईच्या भानगडी तिच्या, असं धाकटी म्हणाली होती. म्हणजे चित्र उलटं करायचं कामही आता आपल्याकडे आलं. विचारावं का? बाबांमार्फत विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर धाकटी म्हणाली असती, ‘बाबा, तिला सांगा, खऱ्या कसबी माणसांना हे ठाऊक असतं.’ ते ऐकून घेण्यापेक्षा थोरलीने प्रिंटरवरचं उलटं करण्याचं बटण दाबलं आणि कागद सोडला.

कागदावर बाई फिकट, मळकट दिसत होत्या. कागदावर सगळीच चित्रं तशी दिसतात, खरा रंग प्रेसखालीच खुलतो. बाबांनी एक कागद उचलून बराच वेळ बघितला. “काय गं, हे…” ते म्हणाले.

“बाबा, प्लीज. आज मध्ये मध्ये बोलू नका,” थोरली म्हणाली.

“माझंही तेच म्हणणं आहे,” धाकटी कोपऱ्यातून म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं. बाबांनी कागद खाली ठेवला.

दुपारी एकपर्यंत साठच्या साठ अभ्रे छापून झाले. रंग असे खुलले होते की थोरली स्वतःवरच खूश झाली. गडद निळी पार्श्वभूमी, रुपेरी केस, चष्म्याची चमक. अभ्र्यांत उशा भरून तिने त्या लांबलचक टेबलावर ओळीने मांडल्या. साठ बाई तिच्याकडे बघत होत्या. तिला उगाचच आपली नखं वाढलीत की काय असं वाटलं.

धाकटी दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायला फोटो काढायला उठली. तिने मोबाईल धरला, खाली केला, पुन्हा धरला. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“भुवई,” ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली घेतला. हे वाक्य कुणाला पोचवायचं ते त्यांना कळेना.

“ताई, भुवई!” आता तर ती सरळ थोरलीशीच बोलत होती. “बाईंची डावी भुवई वर जाते. इथे उजवी गेलीय!”

“काहीतरीच काय. मला तर बाई वाटतायत.”

“तू हुशार मुलगी होतीस. तू कधी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिलीस? मी दहा वर्षं उभी होते. ती भुवई मी झोपेतही काढून दाखवीन. आणि हा तीळ बघ. तो बाईंच्या डाव्या गालावर आहे. भांगही इकडचा तिकडे गेलाय.”

थोरलीने एक उशी उचलून डोळ्यांजवळ धरली. “पण मी तर चित्र उलटं करून छापलं!”

“तू उलटं केलंस?”

“मग? तूच म्हणालीस ना, छपाईच्या भानगडी माझ्या?”

“अगं, म्हणून काय मी काम बिघडू देईन?” धाकटीचा आवाज चिरकला. “मी आधीच उलटं करून दिलं होतं! म्हटलं, तुला सवय नाही, तू विसरशील.”

“आणि मला वाटलं, तू रागाच्या भरात करणार नाहीस.”

उलट्याचं उलटं होऊन कागदावर सगळं सरळ आलं होतं, आणि सरळ कागद पालथा घातल्यावर साठ उशांवर बाई उलट्या झाल्या होत्या.

“तरी मी म्हणणार होतो,” बाबा म्हणाले. बाबांचं सगळं आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलं होतं. “छापायची वस्तू उलटी असते, हे मी चाळीस वर्षं बघत आलो. सकाळी कागदावर बाई सरळ दिसल्या, तेव्हाच मला खटकलं.”

“मग बोलला का नाहीत?” दोघी एकदम ओरडल्या.

“मध्ये मध्ये बोलू नका म्हणालात.”

कोरे अभ्रे विकणाऱ्याला थोरलीने फोन लावला. “साठ ना? परवा सकाळी देतो,” तो म्हणाला. “उद्या सकाळी हवेत हो,” थोरली रडवेली होऊन म्हणाली. “तेच सांगतोय ताई, परवा सकाळी,” तो शांतपणे म्हणाला. समारंभ उद्या अकराला होता.

मग उपाय सुरू झाले. धाकटी म्हणाली, अभ्र्याच्या मागच्या बाजूवर छापू. मागची बाजू सुती होती आणि ही शाई सुतावर धरत नाही हे थोरलीला पक्कं माहीत होतं, पण बुडणाऱ्या माणसासारखं तिने तेही एका अभ्र्यावर करून बघितलं. मागच्या बाजूवर बाई उमटल्या, पण इतक्या फिक्या की सहा महिन्यांच्या दुखण्यातून उठल्यासारख्या.

“यांना सलाईन लावायला हवं,” धाकटी म्हणाली. थोरलीला हसू आलं. ते तिने दाबलं, कारण प्रसंग हसण्याचा नव्हता आणि अबोला अधिकृतपणे संपला आहे की नाही हेही नक्की नव्हतं.

या गडबडीत बाबांनी आपल्यापुरता एक उपाय शोधला होता. खिशातलं पेन काढून त्यांनी एका उशीवर बाईंच्या डाव्या गालावर नीट गोल तीळ काढला. “हे बघा. तीळ जागेवर आला.”

“बाबा! पण उजवा तीळ आहेच ना! आता दोन झाले!”

“एवढं कोण मोजतंय?”

“बाबा, त्या गणिताच्या बाई आहेत!” धाकटी म्हणाली.

संध्याकाळी चित्रकलेचे सर माल बघायला आले. थोरलीने काही बोलायच्या आत त्यांनी एक उशी उचलली, हात लांब करून धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “वा! काय साम्य! फोटो चांगला असला की अर्धं काम तिथेच होतं.”

वेळ मारून नेता आली असती. थोरलीच्या मनात ते आलंही. पण साठ बाई तिच्याकडे बघत असताना तिच्याच्याने खोटं बोलवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

सरांनी उशी खाली ठेवली. “मला बघता क्षणीच खटकलं होतं,” ते म्हणाले. मग ते मटकन बाबांच्या खुर्चीत बसले. “उद्या स्टेजवर माझं तैलचित्र. त्यात डावी भुवई वर. आणि समोर साठ जणांच्या हातात या उशा, उजवी वर! माझं काय होईल? कल्पना माझी होती, हे मी सगळ्यांना सांगून बसलोय.”

“सांगितलं नसतं तर बरं झालं असतं,” बाबा सहानुभूतीने म्हणाले.

शेवटी असं ठरलं की उशा पोत्यांत बांधून सकाळी लवकर शाळेत नेऊन ठेवायच्या, मागच्या खोलीत. समारंभ झाला, चहा झाला, बाई गाडीत बसून गेल्या की मग फाटकापाशी ज्याला त्याला एकेक उशी द्यायची. बाईंच्या नजरेला एकही पडता कामा नये. पुढचं पुढे.

बेत उत्तम होता. फक्त तो घंटावाल्या मामांना कुणी सांगितला नाही. मामा शाळेचे जुने शिपाई. सकाळी त्यांनी सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या. मग मागच्या खोलीत झाडू आणायला गेले, तर तिथे पोत्यांत साठ उशा. साठ खुर्च्या, साठ उशा. मामांनी एक क्षणही दवडला नाही.

अकराला दहा कमी असताना दोघी बहिणी आणि बाबा सभागृहात शिरले आणि दारातच थिजले. साठ खुर्च्यांच्या बैठकीवर साठ बाई वर तोंड करून पडल्या होत्या, उजवी भुवई उंचावून. स्टेजवर तैलचित्रात एकसष्टाव्या बाई, डावी भुवई उंचावून. आणि भिंतीच्या कडेकडेने सगळे शिक्षक उभे होते. एकही जण बसला नव्हता. बाईंच्या तोंडावर बसायची कुणाची छाती होणार?

“आवडल्या ना उशा?” मामा अभिमानाने म्हणाले. “कुणी बसायलाच तयार नाही!”

सर स्टेजच्या पडद्याआड दिसेनासे होत होते, तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. बाईंनी उभ्या असलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सवयीने म्हणाल्या, “बसा.”

कुणी बसलं नाही.

सदतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. बाईंनी चष्मा सारखा केला. “मी म्हटलं, बसा.”

सगळे खुर्च्यांकडे बघू लागले. तेव्हा बाईंनीही खुर्च्यांकडे बघितलं. त्या पुढे आल्या, पहिल्या रांगेतली एक उशी उचलली, आणि थोरलीने डोळे मिटून घेतले. कारण साठांतून बाईंनी नेमकी बाबांची दोन तिळांची उचलली होती.

“हा दुसरा तीळ कुणाचा?”

“माझा,” बाबा पुढे होऊन म्हणाले. “म्हणजे, पेनाचा आहे. पुसेल.”

बाईंनी रुमालाचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि वहीतली चूक खोडावी तसा आपल्या गालावरचा तो तीळ पुसला. गुळगुळीत कापडावरून तो निघालाही. मग त्या उशी धरून उभ्या राहिल्या. एक शिक्षक चाचरत म्हणाले, “बाई, छपाईत काहीतरी चुकलेलं दिसतंय. तीळ खरं म्हणजे या बाजूला…”

“छपाईवाल्यांची चूक,” पडद्याआडून आवाज आला.

“हे कुणी केलं?” बाईंनी विचारलं. आणि डावी भुवई, खरी, वर गेली.

थोरलीचे पाय आपोआप पुढे गेले. “मी, बाई.”

“नाही बाई, मी,” शेजारून आवाज आला. धाकटीही पुढे आली होती. “ताईचं काही चुकलं नाही. मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.”

“तिचं ऐकू नका बाई, ती लहान आहे. मी विचारायला हवं होतं.”

“एकेक करून बोला. कापडावर छापतात कसं ते मला आधी सांगा.”

थोरली फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी सांगू लागली. कागद, शाई, वाफ, धागा, चित्र आधी उलटं छापायचं म्हणजे कापडावर सरळ येतं. बाई ऐकत होत्या.

“म्हणजे एकीने उलटं केलं असतं, तर हे सरळ आलं असतं.”

“हो बाई.”

“पण आलं उलटं. आणि दोघी म्हणता, मीच केलं. म्हणजे दोघींनी केलं, आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही. एका खोलीत काम करता ना?”

“हो बाई.”

“किती दिवस बोलत नव्हतात?”

दोघींनी माना खाली घातल्या. “चार,” बाबाच म्हणाले.

बाईंची भुवई हळूहळू खाली आली. त्या पुन्हा उशीकडे बघू लागल्या, आणि मग एक अशी गोष्ट झाली की मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांनी टाचा उंचावल्या. बाई हसल्या.

“या शाळेत दर वर्षी माझा फोटो निघतो,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी मी तो बघते आणि मला वाटतं, माझ्या जागी माझी कुणीतरी मावसबहीण येऊन बसलीय. दिसते माझ्यासारखी, पण मी नाही. म्हटलं, आपण फोटोत चांगल्या येत नाही, झालं. कुणाला सांगायचं?” त्यांनी उशी जरा लांब धरली. “ही मात्र मी आहे. रोज सकाळी केस विंचरताना समोर असते ती. हिला मी ओळखते.”

सर पडद्याआडून अर्धे बाहेर आले. “बाई, तैलचित्र आठ दिवसांत उलटं काढून देतो.”

“नको. ते छान आहे. शाळेला मी तशीच दिसत आलेय. त्या मावसबहिणीला राहू दे इथे,” बाई म्हणाल्या. मग त्या सगळ्यांकडे वळल्या. “आता तरी बसा. माझ्या तोंडावर बसवत नसेल, तर उशी पाठीला लावा. आजवर मी तुमच्या पाठीमागे लागले होते, आता पाठीशी राहीन.”

साठ खुर्च्या एकदम सरकल्या. थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिच्या हाताला काहीतरी लागलं म्हणून तिने बघितलं, तर तो धाकटीचा हात होता. शाळेच्या वाटेवर रस्ता ओलांडताना धरायची तसा धाकटीने तिचा पंजा धरला होता आणि सोडायची विसरली होती.

चहाच्या वेळी तर दोघींभोवती गर्दी झाली. जो तो उशी घेऊन येत होता आणि सांगत होता की आपल्यालाही आपले फोटो आवडत नाहीत, आपलाही असाच एक छापून मिळेल का. एका शिक्षिकेने कौतुकाने विचारलं, “पण हे उलटं छापायचं सुचलं कुणाला?”

“मला,” थोरली म्हणाली.

“मला,” धाकटी त्याच क्षणी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. धाकटीने हात सोडला. बाबांनी पुढचे चार दिवस डोळ्यांसमोर बघितले आणि घाईघाईने चहाचा कप खाली ठेवला. “मला,” ते म्हणाले. “कल्पना माझी.”

दोनशे टी-शर्टांचं काम दुसऱ्या आठवड्यात आलं. पुढे संघाचं चिन्ह, पाठीवर शाळेचं नाव आणि नंबर. दोघी आता इतक्या गुण्यागोविंदाने वागत होत्या की बाबांना दुकानात करमेनासं झालं होतं.

“ताई, उलटं मी करू की तू करतेस?” धाकटीने गोड आवाजात विचारलं.

“तू कर ना. तुझा हात बसलाय.”

“नको गं. छपाई तुझी. मी उगाच मध्ये कशाला?”

“असं कसं? चित्र तुझं. तू म्हणशील तसं.”

“नाही, तू म्हणशील तसं.”

“बरं मग,” थोरली म्हणाली.

“बरं,” धाकटी म्हणाली.

दोघी हसल्या. कागद छापून आला. थोरलीने तो पहिल्या टी-शर्टाच्या पाठीवर पालथा घातला आणि प्रेस दाबला. मशीन वाजलं. तिने प्रेस उघडला आणि कागद सोलून काढला. रंग असे काही खुलले होते की बघत राहावं. शाळेचं नाव मात्र उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

मग बाबा खुर्चीतून उठले, त्यांनी टी-शर्ट दोन्ही हातांनी समोर धरला आणि मान तिरकी करून तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “आधी मोठ्या बाईंना दाखवून बघू.”